लाँचमध्ये कोण कुठं बसलं होतं

बबन जाधव आत गेला आणि शिपायानं दार लोटून घेतलं. बोर्डाच्या कचेरीत दाराबाहेरच्या बाकावर आम्ही बाकीचे आठ जण उरलो. समोर जंगम सर येरझाऱ्या घालत होते आणि दर फेरीला दाराशी आले की मान वाकडी करून आतलं काही ऐकू येतंय का बघत होते.

“सर, आत पोलीस हायेत का वो?” महिपती कदमनं विचारलं.

“पोलीस कशाला असतील? बोर्डाचे साहेब आहेत. विचारतील ते सांगायचं, बास.”

“आन न्हाई सांगता आलं तर?”

“खरं सांगायला काय धाड भरलीय तुला?” सर एकदम ओरडले. मग आपणच वरमले आणि खिशातली लिमलेटच्या गोळ्यांची पुडी काढून त्यांनी आम्हाला एकेक गोळी दिली. आम्ही ती गालात धरून बसलो, चोखायची कुणाला शुद्ध नव्हती.

आमच्यावर आळ होता कॉपीचा. दहावीचा निकाल लागला, शाळेतल्या बाकीच्या मुलांना गुणपत्रिका मिळाल्या आणि आमच्या मोरणी गावच्या नऊ जणांच्या नावापुढं ‘निकाल राखीव’ असं आलं. कारण मराठीचा निबंध. विषय होता, ‘मी अनुभवलेला अविस्मरणीय प्रसंग’. नऊच्या नऊ जणांनी एकच प्रसंग लिहिला होता. शाळेत जाताना धरणाच्या मध्यावर लाँचचं इंजिन बंद पडलं, धुक्यात वाट कळेना, दुपारपर्यंत पाण्यावर अडकलो. आमची शाळा पाण्याच्या पल्याड. रोज लाँचनं जायचं, लाँचनं यायचं. पण पेपर तपासणारे परीक्षक कुठल्यातरी लांबच्या कोरड्या तालुक्यातले असावेत. त्यांच्यासमोर एकापाठोपाठ एक नऊ लाँच बंद पडल्या. कुणीतरी फळ्यावर लिहून दिलं आणि पोरांनी उतरवून काढलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी तसा शेरा मारून गठ्ठा वर पाठवला.

आता मीच दर वर्षी दहावीचे मराठीचे पेपर तपासते, त्यामुळं त्या परीक्षकांचा मला राग येत नाही. नऊ निबंधांत तेच आहे हे कळायला नऊ निबंध वाचावे लागतात. अक्षर बघून आणि पानं मोजून गुण देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या गृहस्थांनी निदान वाचलं तरी होतं.

तेव्हा मात्र मी त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहिली होती. अकरावीचे प्रवेश संपत आले होते. साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात जंगम सरांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईला माथाडी कामगार. त्यांनी चुलत्याकरवी निरोप धाडला होता की पोरगी पास झाली तर जाऊ द्या पुढं, नाहीतर कोपरखैरण्याचं स्थळ बघून टाका. चुलत्याला त्या स्थळाची भारी घाई. मुलाची मुंबईत स्वतःची खोली होती आणि खोली असलेला नवरा म्हणजे आमच्याकडं राजपुत्रच. निकाल राखीव आला त्या दिवशी चुलता इतक्या उत्साहात होता की त्यानं चहाही दोनदा घेतला.

दार उघडलं आणि बबन बाहेर आला. हसत होता.

“काय इचारलं रं?” सगळे त्याच्यावर तुटून पडले.

“कुटं बसला व्हतास, म्हनं. आत एक बाई हायेत. त्यांनी कागदावर लाँच काढलीय. पेन्सिल दिली न् म्हणाल्या, तुझी जागा दाखव. मी म्हटलं, मागं, डिझेलच्या कॅनवर. म्हणाल्या, शेजारी कोण? म्हटलं, इंजान.”

“मग?”

“मग माझा निबंध काढून वाचला त्यांनी. समदं इंजानच हाय त्यात. मला तिथनं दुसरं काय दिसतंय? म्हणाल्या, बरोबर हाय, जा.”

जंगम सर मटकन बाकावर बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. “अरे, ही बाई शहाणी आहे,” ते म्हणाले. “ज्यानं त्यानं आपापल्या जागेवरून पाहिलं ते लिहिलं असणार. फळ्यावरून उतरवलं असतं तर सगळ्यांचं एकाच जागेवरून आलं असतं. जा, घाबरू नका. जिथं बसला होता तिथं बोट ठेवा.”

‘गाईडातलं लिहू नका, डोळ्यांसमोर घडलेलं लिहा’ असं वर्षभर आमच्या मानेवर बसून सांगणारे तेच होते. निकाल अडकल्यापासून बिचारे स्वतःला दोष देत होते. गाईडातली सहल लिहू दिली असती तर पोरं सुखानं पास झाली असती, असं एकदा ते मुख्याध्यापकांना म्हणाल्याचं आम्ही ऐकलं होतं.

सगळे हलके झाले. महिपतीनं गोळी कडाकडा चावून संपवली. माझी गोळी मात्र गालातच राहिली. मी त्या दिवशी लाँचमध्ये नव्हतेच.

सांगायला आज त्यात काही वाटत नाही, तेव्हा जीभ रेटत नव्हती. त्या दिवशी मी बाहेरची होते. आमच्याकडं बाहेरच्या बाईनं लाँचमध्ये पाऊल ठेवायचं नाही असा नेम होता. धरणात जुनं गाव बुडालं तेव्हा गावदेवीचं देऊळही बुडालं. मूर्ती वर आणून नवं देऊळ बांधलं, पण देवी अजून खालीच आहे अशी सगळ्यांची समजूत. लाँच नेमकी त्या देवळावरून जाते. तसल्या वेळी देवीच्या डोक्यावरून कसं जायचं? म्हणून महिन्यातले काही दिवस आम्हा मुलींची शाळा बुडायची आणि जंगम सर हजेरी घेताना ‘का आली नाही’ असं कधी विचारायचे नाहीत. एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. मी लाँचमध्ये असते तर इंजिन माझ्यामुळंच बंद पडलं असं गावानं ठरवून टाकलं असतं.

परीक्षेत विषय वाचला तेव्हा मला दुसरं काही सुचेचना. माझ्या आयुष्यात विसरता न येणारं तेवढंच घडलं होतं. पण मी काठावर का होते हे कुठल्या परक्या माणसाला कसं लिहायचं? मग मी लिहिलं की मी लाँचमध्ये होते. तेवढं एक वाक्य बदललं की बाकीचं भराभर लिहिता येत होतं.

शालन शेलार माझ्या शेजारी बसली होती. माझी बालमैत्रीण. तिच्या सगळं ध्यानात आलं.

“नंदे, तू काय सांगशील गं?”

“काय म्हाईत.”

“माझ्या शेजारी व्हतीस म्हण. मदल्या फळीवर. मीबी आत गेले की तसंच सांगते.”

“आन खोटं पडलं तर?”

“कशानं पडतंय? लाँच काय साक्ष द्यायला येतीय?”

शालन आत जाऊन आली आणि मला डोळ्यानंच ‘सांगितलं’ म्हणाली. आडनावांच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं मी सगळ्यात शेवटची. शिपायानं ‘उतेकर’ अशी हाक मारली. मी परकर सारखा केला आणि आत गेले.

लांब टेबलामागं दोघं जण बसले होते. तोरणे साहेब जाड, चष्म्याचे, आणि उकाड्यानं वैतागलेले. त्यांच्या शेजारी करड्या केसांच्या, फिक्या निळ्या सुती साडीतल्या एक बाई. त्यांचं नाव कारखानीस. मराठी विषयाच्या तज्ज्ञ म्हणून त्यांना बोलावलं होतं. कोपऱ्यात एक कारकून सगळं लिहून घेत होता.

बाईंनी कागद माझ्यापुढं सरकवला. लाँच चांगली काढली होती, पुढचं टोकसुद्धा. ठिकठिकाणी नावं लिहिलेली. मधल्या फळीवर महिपती, शालन आणि माझी पाचवीतली धाकटी बहीण छबू.

“तू कुठं होतीस?”

मी शालन आणि छबूच्या मध्ये पेन्सिल टेकवली. “इथं.”

“तिथं जागा आहे?”

“दाटीवाटीनं बसलो होतो.”

बाईंनी पेन्सिल परत घेतली. त्यांनी एक उत्तरपत्रिका उघडली. “शालन मघाशी म्हणाली की तू तिच्या शेजारी होतीस. पण परीक्षेत तिनं काय लिहिलंय बघ. ‘नंदा त्या दिवशी आली नव्हती, म्हणून तिची बहीण छबू हिला मी मांडीवर घेतले.’ आता मी कुठली शालन खरी धरू?”

मी खाली बघितलं. फरशीला एक चीर गेली होती. ती कुठपर्यंत जाते ते मी बघत राहिले.

“झालं तर मग,” तोरणे साहेब म्हणाले. “बाकीची पोरं सुटली म्हणा. पण ही तर लाँचमध्ये नव्हतीच. मग हिनं हे आणलं कुठून? कुणाच्यातरी पेपरातूनच ना?”

“मी कॉपी नाही केली साहेब.”

“मग होतीस कुठं त्या दिवशी?”

“गावात.”

“शाळेत का गेली नाहीस? आजारी होतीस?”

मी पुन्हा फरशीच्या चिरेकडं बघितलं. ‘हो’ म्हटलं असतं तर सुटले असते, पण एक खोटं नुकतंच पकडलं गेलं होतं आणि दुसरं बोलायची माझी छाती नव्हती. आणि खरं ते तर त्याहूनही बोलवत नव्हतं. कोपरखैरण्याची खोली मला डोळ्यांपुढं दिसायला लागली.

“अगं बोल की! गप्प बसून कसं चालेल? पुढचं वर्ष वाया जाईल तुझं.”

“साहेब, एक मिनिट,” कारखानीस बाई म्हणाल्या. “हिचा निबंध मी वाचते. तुम्ही नुसते ऐका.”

आणि त्यांनी माझा निबंध मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. 

“‘धुके एवढे होते की आमचाच हात आम्हांला दिसत नव्हता. इकडे काठावर गावातील सर्व बायका जमल्या. गडीमाणसे मुंबईला असल्यामुळे त्याच होत्या. लाँचला काठाची दिशा कळावी म्हणून त्यांनी घरातली भांडी आणून बडवायला सुरुवात केली. शेलारकाकूंनी परात आणली होती व त्या उलथन्याने बडवत होत्या. ठकूआजीने हंड्यावर दगड मारला. हंड्याला पोचे पडले तरी ती थांबली नाही. माझी आई ताट वाजवत होती पण हाका मारत नव्हती, कारण तिचा आवाज बसला होता. सर्वांपासून दूर, बांधावर एक मुलगी एकटीच उभी होती. तिच्या हातात काहीच नव्हते. तिला वाजवायला कोणी काही दिले नाही.’”

बाई थांबल्या. तोरणे साहेब हसले.

“हात दिसत नव्हता आणि हंड्याचे पोचे दिसले? काय तरी लिहितात!”

“चूक आहेच,” बाई म्हणाल्या. “पण ही चूक कुणाला करता येईल ते बघा. लाँचमधल्या आठ जणांनी आवाज ऐकला. एकाला ती आरती वाटली. महिपतीला वाटलं वरात चाललीय. शालननं लिहिलंय की पाण्याखालच्या देवळातली घंटा वाजतेय असं वाटून ती रडायला लागली. त्यांचा लाँचवाला आवाजाच्या रोखानं फळीनं वल्हवत राहिला, पण कोण काय वाजवतंय ते एकानंही लिहिलेलं नाही. मग हिनं कॉपी केली तर कुणाची केली?”

साहेबांनी उत्तरपत्रिका आपल्याकडं ओढून घेतली.

“हा निबंध लाँचमधून लिहिलेलाच नाही, साहेब. काठावरून लिहिलाय. फक्त ‘मी’ तेवढी उचलून लाँचमध्ये नेऊन बसवलीय.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “ती बांधावरची मुलगी म्हणजे तूच ना गं?”

मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही मला सुचलं नाही. त्या दिवशी बांधावर मला कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तर ‘हं, लांबच थांब’ एवढंच म्हणायला. मी हात चोळत उभी होते, घसा फाटेस्तोवर ‘छबे, छबे’ ओरडत होते, आणि परातीच्या नि हंड्याच्या दणदणाटात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. भांड्याला हात लावायची मला सोय नव्हती. आणि आता हजारो पेपरांच्या ढिगातून एका बाईला मी तिथं उभी असलेली दिसले होते.

“पण मग बांधावर एकटी का?” तोरणे साहेबांचं समाधान होईना. “बाकीच्या बायकांत का नाही? आणि शाळेला का गेली नाही, ते अजून सांगितलंच नाही हिनं.”

बाईंनी त्यांच्याकडं शांतपणे बघितलं. “साहेब, तुमच्या घरी मुली आहेत ना?”

“आहेत की. दोन.”

“मग घरी गेल्यावर वहिनींना विचारा.”

साहेबांच्या एकदम लक्षात आलं. चष्मा काढून ते घाईघाईनं पुसायला लागले. कोपऱ्यातल्या कारकुनाचं पेनही थांबलं. “हे लिहायचं नाही,” बाई त्याला म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. “ते असो. पण विषय ‘मी अनुभवलेला’ असा आहे, बाई. हिनं न अनुभवलेलं लिहिलं. ते कसं चालेल?”

“निबंध म्हणजे जबानी नव्हे. कॉपीला शिक्षा आहे, ती असती तर मीच द्या म्हटलं असतं. मुलगी मनानं लाँचमध्ये जाऊन बसली, त्याला कुठल्या नियमात शिक्षा आहे तेवढं दाखवा.”

साहेबांनी खरोखरच नियमांचं पुस्तक चाळलं. दोन-तीन पानं उलटली आणि मिटून ठेवलं. “नाही तसं काही,” ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना बरंच वाटलं होतं. आवाज एकदम घरगुती झाला. “बरं, सोडू हिला. गुण किती आहेत?”

“संशय यायच्या आधी परीक्षकांनी वीसपैकी चौदा दिलेत.”

“सोळा करा की. एवढा मनस्ताप झाला पोरीला.”

“मनस्तापाला गुण नसतात, साहेब. चौदा बरोबर आहेत. शेवट अर्धवट आहे.”

मला त्यांचा त्या क्षणी थोडा रागच आला. देत होते ना साहेब? यांचं काय जात होतं?

बाहेर आले तर शालननं मला मिठी मारली आणि जंगम सरांनी दोनदा चष्मा काढून पुसला. पुडीत उरलेल्या सगळ्या गोळ्या त्यांनी आम्हाला वाटून टाकल्या. आम्ही निघणार तोच कारखानीस बाई पाणी प्यायला बाहेर आल्या. माठावरचं झाकण काढता काढता त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“शेवट तसा का केलास गं? ‘लाँच काठाला लागली व सर्वांना अतिशय आनंद झाला.’ इतकं सगळं डोळे उघडे ठेवून लिहिलंस, आणि शेवटी एकदम गाईडातलं वाक्य? त्या बांधावरच्या मुलीचं पुढं काय झालं? तिची बहीण होती ना लाँचमध्ये?”

माठापाशी आम्ही दोघीच होतो. तरीही मी आवाज खाली आणला.

“लाँच लागली तशी छबू उडी मारून उतरली, बाई. आयेकडं न जाता थेट माझ्याकडं पळत आली. थंडीनं काकडत होती. मी मागं सरले. म्हटलं, शिवू नगं.”

“मग?”

“मग ती थांबली. आन आयेकडं गेली.”

बाई पेला हातात धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या त्या नेमाबद्दल काहीतरी सुनावतील. तसं त्यांनी केलं नाही.

“तिला काय वाटलं ते विचारलंस कधी?”

“न्हाई.”

“म्हणजे शेवट तुलाच ठाऊक नाही. मग तो लिहिणार कसा?” त्या म्हणाल्या. पाणी प्यायल्या, पेला उपडा घातला, माझ्या पाठीवर हात ठेवला. “जा, गाडी चुकेल तुमची. आणि शीक पुढं.” मी पायाला हात लावायला वाकले तोवर त्या आत गेल्याही होत्या. त्यानंतर त्यांची माझी कधी भेट झाली नाही.

निकाल आठवडाभरात आला. नऊच्या नऊ जण पास. महिपतीसुद्धा, आणि त्याचं नवल त्याला स्वतःलाच सगळ्यात जास्त वाटलं. आण्णांनी मुंबईहून नवी ट्रंक पाठवली, चुलत्यानं ती मुकाट्यानं डोक्यावरून लाँचपर्यंत आणली आणि मी साताऱ्याला गेले. मी शिकले, मास्तरीण झाले, चार ओळी लिहायला लागले, हे सगळं त्या खोलीतल्या अर्ध्या तासानं मला दिलं. जंगम सरांनी दिलं, शालनच्या वेड्या खोट्यानं दिलं, साहेबांनी पुस्तक मिटून ठेवलं त्यानंही दिलं. त्या माणसांचे उपकार मी विसरलेले नाही. पण बाईंनी मला जे दिलं ते त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या हातात पडलं.

दिवस मावळताना आम्ही लाँचनं गावात पोचलो. आये शेजारी सांगायला पळाली. छबू अंगणात राखुंडीनं भांडी घासत बसली होती.

“सुटलीस?” तिनं मान वर न करता विचारलं.

“सुटले.”

मी तिच्याजवळ पायरीवर टेकले. हिवाळ्यापासून ती माझ्या अंथरुणात यायची बंद झाली होती. आधी रोज रात्री माझ्या पोटात पाय खुपसून झोपायची. मला वाटलं होतं, मोठी झाली.

“छबे, त्या दिशी लाँच लागली तवा तू माझ्याकडं पळत आलीस न् मी मागं सरले. तुला काय वाटलं गं?”

“काय न्हाई.” ती तवा जोरजोरात घासायला लागली.

“सांग की.”

“काय न्हाई म्हटलं ना!”

मी उठले नाही. तवा घासून झाला, तिनं तोच पुन्हा घासायला घेतला. मग अगदी हळू म्हणाली, “मला वाटलं, तुला वास आला.”

“कसला वास?”

“मी लाँचमधी परकरात मुतले व्हते. भ्या वाटलं म्हणून. शालनताईला सांगितलं, पानी उडालं. पर तुला कळलं. म्हणून तू शिवू नगं म्हणलीस.” तिचा हात थांबला होता. “तू कुणाला सांगितलं न्हाईस ना?”

किती महिने ती पोर हे पोटात घेऊन हिंडत होती. मी तिला तिथंच सगळं सांगितलं. बाहेरचं होणं म्हणजे काय, लाँचमध्ये का जायचं नसतं, बांधावर मी का उभी होते, आणि माझ्या हातात ताट का नव्हतं. आयेनं पुढं कधीतरी कुजबुजत सांगायचं ते मी राखुंडीच्या पाटीशेजारी बसून मोठ्यानं सांगितलं. ती डोळे विस्फारून ऐकत होती.

“म्हंजी माझ्यामुळं न्हाई?”

“न्हाई गं, येडे.”

“वासामुळं न्हाई?”

“मला कसला वास येतोय? मी तुझ्या नावानं वरडून वरडून मेले व्हते तिथं.”

“मला न्हाई आयकू आलं,” छबू म्हणाली. मग ती उठली आणि राखेनं भरलेल्या हातांनीच तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली. बोर्डात घालायला म्हणून शालनच्या आईकडून मागून आणलेल्या पोलक्यावर दोन्ही पंजे उठले. लाँचमध्ये ती रडली नव्हती, ती आता रडली, आणि मीही तिच्याबरोबर रडून घेतलं. आये परत आली ती दारातच थबकली. मघाचं सगळं फिरलं की काय, असंच तिला वाटलं.

त्या रात्री छबू माझ्या अंथरुणात आली.

बाईंनी त्या दिवशी सोळा गुण दिले असते, तर मी खुशीत घरी आले असते आणि तिला काही विचारलंच नसतं.